पदवीचा विद्यार्थी आणि गावाचे प्रश्न

संशोधन म्हटले की विद्यापीठाची प्रयोगशाळा आणि पीएच.डी.चा जाडजूड प्रबंध एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः नेमका प्रश्न विचारणे, त्याचे उत्तर पुराव्यानिशी शोधणे आणि ते इतरांना तपासता येईल अशा रीतीने मांडणे, हा संशोधनाचा गाभा होय. पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यालाही हे कार्य करता येते.

या दृष्टीने राज्यात २००६ साली कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने ‘आविष्कार’ हा आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सव सुरू झाला. मानव्यविद्या, वाणिज्य, विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी, वैद्यक अशा गटांत पदवीच्या विद्यार्थ्यांनाही त्यात स्वतंत्र स्थान आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण मिळविणारा विद्यार्थी पदवीच्या चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प घेऊ शकतो.

विषय कोठे शोधावा?

विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. हिंगोली-वाशिम मार्गावरील कनेरगाव नाका हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. येथे मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो. वऱ्हाडचा कारभार १८५३ साली इंग्रजांकडे गेला. मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिला. १९५६ साली दोन्ही प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. गावाच्या नावाला ‘नाका’ हा शब्द केव्हा व कशामुळे जोडला गेला? सीमेलगतच्या बोलीत मराठवाडी व वऱ्हाडी यांची सरमिसळ कशी झाली? हे मानव्यविद्येचे विषय झाले. बारावीनंतर किती मुलींचे शिक्षण थांबते आणि त्यात प्रवासाच्या अडचणीचा वाटा किती, हा सामाजिक प्रश्न आहे. पैनगंगेच्या परिसरातील विहिरींची पातळी उन्हाळ्यात किती उतरते, हा विज्ञानाचा.

पद्धत महत्त्वाची

शेवटचा प्रश्न घेतल्यास दहा-बारा विहिरी निवडाव्यात. प्रत्येकीच्या काठावर कायम खूण करून, त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजावे. पाऊस, पीक व उपसा यांची नोंद ठेवावी आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या आकड्यांशी तुलना करावी. खर्च दोर, फीत आणि वही एवढाच. कुटुंबांची पाहणी करताना मात्र माहिती देणाऱ्याची संमती घ्यावी व नावे गुप्त ठेवावीत.

आज अनेक प्रकल्प केवळ गुणांसाठी लिहिले जातात. काही तर मागील वर्षीच्या प्रतीवरून उतरविलेले असतात. बांधणी होऊन ते कपाटात पडून राहतात. त्यात विद्यार्थ्याचे श्रम जातात आणि गावाच्या हातीही काही लागत नाही. प्राध्यापकांनी सुबक बांधणीपेक्षा मूळ नोंदवही पाहण्याचा आग्रह धरल्यास ही प्रवृत्ती पुष्कळशी आटोक्यात येईल.

स्थानिक संस्थांचे साहाय्य

ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेचे जनरल रजिस्टर व तलाठ्याकडील पीकपाहणी हे या संशोधनाचे भांडार आहे. ते नियमानुसार पाहू देणे, जुन्या उर्दू वा मोडी कागदांसाठी जाणकार मिळवून देणे आणि तयार झालेला अहवाल ग्रामसभेत वाचावयास लावणे, एवढे साहाय्य पंचायत सदस्य व अधिकारी सहज करू शकतील. ग्रामस्थांसमोर वाचलेल्या अहवालातील चूक तेथल्या तेथे दुरुस्त होते आणि विहिरींचा बरोबर आकडा पुढील वर्षाच्या ग्राम विकास आराखड्यात उपयोगी पडतो.