काय सोडायचं, हे शिकलेलं यंत्र

नवकंकरीचे पट महाराष्ट्रातल्या जुन्या लेण्यांच्या आणि देवळांच्या दगडांत कोरलेले सापडतात. चोवीस घरं, दोघांच्या नऊ-नऊ सोंगट्या. १९९३ साली झुरिकच्या राल्फ गासर यांनी संगणकाकडून हा खेळ तळापर्यंत तपासून घेतला. दोघंही न चुकता खेळले, तर डाव बरोबरीत सुटतो.

‘गो’ या पटावरच्या खेळाला ही युक्ती लागू पडत नाही. १९ उभ्या, १९ आडव्या रेघा, ३६१ छेद. नियमांत बसणाऱ्या पटस्थितींची संख्याच १७१ आकडी. शिवाय बुद्धिबळात वजीर-हत्ती मोजून कोण वरचढ, याचा ढोबळ अंदाज येतो. इथे सगळ्या सोंगट्या सारख्याच. कितीही चाली पुढे पाहिलं, तरी डाव कुणाकडे झुकलाय हे यंत्राला कळत नसे.

२००६ साली वाट सापडली. फ्रान्सच्या रेमी कूलों यांचा ‘क्रेझी स्टोन’ प्रोग्रॅम पटाची किंमत ठरवत बसला नाही. तिथून पुढे तो बऱ्याचशा अंदाधुंद चालींनी डाव शेवटपर्यंत खेळायचा, असे हजारो डाव. जी चाल जास्त जिंकून देई, तिच्या वाट्याला पुढचे डाव जास्त. त्याच वर्षी कोचिश आणि सेपेशवारी या संशोधकांनी या वाटणीचं सूत्र मांडलं. अनोळखी रानात नवखा माणूस मळलेली पायवाट धरतो, पण अधूनमधून फाटाही चाचपून बघतो. सूत्र तेच सांगतं.

मार्च २०१६मध्ये सोलला ‘गो’चा दिग्गज खेळाडू ली सेडोल याच्यासमोर आलेल्या ‘अल्फागो’ प्रोग्रॅमने या शोधपद्धतीला दोन न्यूरल जाळी जोडली: एक कोणत्या चाली विचारात घ्याव्यात ते सुचवणारं, दुसरं पट पाहून जिंकण्याची शक्यता सांगणारं. दुसऱ्या डावातली ३७वी चाल माणूस खेळण्याची शक्यता पहिल्या जाळ्याच्या मते दहा हजारांत एक होती. शोध खोल गेला, तशी तीच चाल वर आली. यंत्र जिंकलं.

चौथ्या डावात लीने ७८वी चाल खेळली. तिचीही शक्यता यंत्राने तितकीच नगण्य धरली होती, पण या वेळी शोधाने ती वर आणली नाही. ७९व्या चालीला यंत्र चुकलं आणि तरीही आपण ७० टक्के जिंकतोय, असंच त्याचं गणित होतं. चूक उमगली ८७व्या चालीच्या सुमारास. सामना यंत्राने ४–१ जिंकला. तो एक डाव मात्र विचारातून वगळलेल्या चालीनेच घालवला.