‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ : एका बेअरिंगच्या निमित्ताने

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांत वसलेला आहे. तेथील वाड्यावस्त्यांच्या वाटा पावसाळ्यात चिखलाने व उन्हाळ्यात धुळीने भरलेल्या असतात. अशा वाटांवर राबणारी मोटारसायकल ‘वाजू’ लागली म्हणजे ती नारायणगाव किंवा मंचर यांसारख्या बाजारपेठेच्या गावी न्यावी लागते. तेथे मालकास प्रथम एक निर्णय ऐकावा लागतो : काम ‘हाफ इंजिन’चे आहे की ‘फुल इंजिन’चे? या दोन शब्दांनी खर्चाचा अंदाज तर कळतोच. परंतु त्यांत यंत्ररचनेचे एक नेमके वर्गीकरणही सामावलेले आहे.

हेड, सिलिंडर व पिस्टन हे भाग क्रँककेस न उघडता सुटतात. ते काम ‘हाफ’. क्रँकचा दांडा मात्र क्रँककेसच्या दोन भागांमध्ये, दोन्ही बाजूंच्या बेअरिंगांवर बंदिस्त असतो. त्यांपैकी एक जरी बदलावयाचे झाले तरी इंजिन उतरवून ही पेटी दुभंगावी लागते. बेअरिंग अल्पमोली असले तरी काम ‘फुल’ ठरते, ते त्याच्या स्थानामुळे.

पेटी दुभंगण्यापूर्वी तेल काढून सिलिंडर, क्लच व मॅग्नेटोचे चाक उतरवितात. बोल्ट एकदम न सोडता समोरासमोरचे थोडेथोडे ढिले करतात. दोन भाग पुलरने विलग करावयाचे असतात. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटल्यास सांध्याच्या पृष्ठभागावर ओरखडा उठतो. 1985 ते 1996 या काळात भारतात निघालेल्या यामाहा आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोक गाडीत हा ओरखडा विशेष घातक होय. तेथे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण क्रँककेसमध्येच दाबले जाते. सांधा गळका राहिला तर इंजिन नीट चालत नाही. हवेच्या जाळीतून निसटलेली धूळही याच मार्गाने बेअरिंगपर्यंत पोहोचते.

नवे बेअरिंग निवडताना त्यावरील अंक वाचता आले पाहिजेत. ‘6304’ या संज्ञेत 6 हा अंक खोल खाचेचे छऱ्यांचे बेअरिंग दर्शवितो, 3 हा मापांची श्रेणी सांगतो, आणि 04 ला पाचाने गुणिले असता आतील छिद्राचा व्यास, म्हणजे 20 मिलिमीटर, मिळतो. पुढे ‘सी 3’ असल्यास आतील मोकळीक नेहमीपेक्षा अधिक आहे, असे समजावे. अंक जुळून हे उपपद चुकले, तरी बेअरिंग चुकलेच.

ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणून पेटी सुमारे 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापविली, म्हणजे जुने बेअरिंग सहज सुटते व नवे सहज बसते. तरीही दाब देणे भाग पडल्यास एक नियम अनुल्लंघनीय आहे : पेटीत बसविताना दाब बाहेरील कड्यावर, दांड्यावर बसविताना आतील कड्यावर. भलत्या कड्यावर ठोकले असता तो आघात छऱ्यांतून जातो व खाचेत सूक्ष्म खळगे पडतात. असे बेअरिंग नवे असूनही थोड्याच दिवसांत पुन्हा वाजू लागते.

मग तेच ‘फुल इंजिन’ दुसऱ्यांदा करावे लागते. छऱ्यांच्या खाचेतील न दिसणाऱ्या खळग्याचे मोल मालकास अशा रीतीने संपूर्ण इंजिनाच्या मजुरीने चुकते करावे लागते.