हौशी रेडिओची जुनी मासिके : संग्रह आणि देवघेव

हौशी रेडिओची मासिके मुळात जपून ठेवण्यासाठी छापली गेली नाहीत. परवानाधारक हौशी, म्हणजे ‘हॅम’, अंक कामाच्या टेबलावर पसरून त्यातल्या आकृतीवरून संच बांधत. पानांवर सोल्डरचे थेंब पडत, जाहिरातीतले कूपन कापून टपालाने जाई आणि वर्ष सरले की गठ्ठा माळ्यावर. आज संग्राहक हेच अंक शोधतात, आणि शोधताना मुख्य लेखांपेक्षा कडेच्या मजकुरालाच अधिक किंमत देतात.

या संग्रहाचा कणा म्हणजे अमेरिकेचे ‘क्यूएसटी’. हायरम पर्सी मॅक्सिम आणि क्लॅरेन्स टस्का यांनी १९१४ मध्ये अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. तिच्या या मासिकाचा पहिला अंक डिसेंबर १९१५ चा. पहिल्या महायुद्धात सप्टेंबर १९१७ च्या अंकानंतर ते थांबले आणि जून १९१९ मध्ये पुन्हा निघाले. अंकांचा संच जुळवताना या मधल्या महिन्यांची पोकळी पाहून नवखा संग्राहक हवालदिल होतो, पण ते अंक निघालेच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हौशींचे प्रक्षेपण बंद होते, मासिक मात्र चालू राहिले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचा लेऑन देलॉय आणि अमेरिकेचा फ्रेड श्नेल यांनी अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरून दुतर्फा संभाषण साधले. ती बातमी देणारा जानेवारी १९२४ चा अंक संग्राहकांत विशेष मानाचा.

‘सीक्यू’ जानेवारी १९४५ मध्ये सुरू झाले. त्याचे माजी संपादक वेन ग्रीन यांनी ऑक्टोबर १९६० मध्ये काढलेले ‘७३’ हे या कुटुंबातले भांडखोर अपत्य : लांबलचक संपादकीये, लीगवर उघड टीका, आणि बांधून पाहण्याजोग्या आकृत्यांचा सुकाळ. ते २००३ मध्ये बंद पडले. १९६८ मध्ये निघालेले ‘हॅम रेडिओ’ तांत्रिक दर्जात बहुधा सर्वांत सरस होते, तरी १९९० च्या पुढे टिकले नाही. ब्रिटिश बाजूला १९२५ पासूनचे ‘टी अँड आर बुलेटिन’ (पुढे ‘रेडिओ कम्युनिकेशन’) आणि १९३७ ते २००५ या काळातले ‘शॉर्ट वेव्ह मॅगझिन’ ही नावे प्रमुख.

भारतात हे अंक कमीच आले. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हौशींचे परवाने रद्द झाले. स्वातंत्र्यानंतर, १५ मे १९४८ रोजी, महू येथील सिग्नल्स शाळेत हौशींच्या देशव्यापी क्लबची स्थापना झाली. त्यालाच १९५४ मध्ये ‘अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ हे नाव मिळाले. पण परकीय चलनाच्या बंधनांमुळे डॉलरची वर्गणी भरणे सोपे नव्हते. एकच प्रत अनेक हातांतून फिरे. त्यामुळे भारतात सापडणाऱ्या अंकांवर आधीच्या वाचकांच्या खुणा दाट असतात : पेन्सिलीने बदललेली रोधकांची मूल्ये, परदेशी व्हॉल्व्हच्या जागी लष्करी भंगारात मिळणाऱ्या व्हॉल्व्हचा क्रमांक. अमेरिकी संग्राहक अशा प्रतीला ‘खराब’ म्हणेल. इथल्या हौशींनी काय बांधले आणि कशातून बांधले, याचा पुरावा मात्र तीच प्रत देते; तिची किंमत स्वच्छ प्रतीपेक्षा कमी धरणे चूक आहे.

गोव्याच्या संग्राहकाला आणखी एक खास धागा लाभला आहे. पोर्तुगीज अमलात इथल्या केंद्रांचा कॉलसाईन, म्हणजे हवेतले ओळखनाव, ‘सीआर८’ ने सुरू होई. भारताचा ‘व्हीयू२’ त्याहून वेगळा. शंभर देशांशी संपर्क साधणाऱ्याला लीग जो ‘डीएक्ससीसी’ सन्मान देते, त्याच्या यादीत गोवा स्वतंत्र ‘देश’ होता आणि दमण-दीव आणखी वेगळा. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. यादीतली त्याची मुदत त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपली आणि त्याची नोंद ‘रद्द’ देशांत गेली. त्याआधी, १९५४ मध्ये, फ्रेंच भारताचा ‘एफएन८’ असाच गेला होता. या सन्मानाची युद्धोत्तर गणना १५ नोव्हेंबर १९४५ पासूनची, म्हणजे गोव्याच्या संपर्काला जेमतेम सोळा वर्षे मिळाली. त्या काळातल्या ‘क्यूएसटी’मधील ‘हाउज डीएक्स’ हे सदर आणि सन्मानप्राप्तांच्या याद्या चाळणे, हे गोव्याच्या हवेतला इतिहास शोधण्याचे एक साधन आहे. याच काळात, नोव्हेंबर १९५५ पासून, आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून स्वातंत्र्यसैनिक वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त केंद्र चालवत होते. ते हौशी केंद्र नव्हते. पण त्या वर्षांतल्या हौशी मासिकांत छापलेली यंत्रसामग्री पाहिली की असे केंद्र चालवण्यात काय काय गुंतले होते याची कल्पना येते.

अंक सांभाळताना गोव्यात वाळपईसारख्या ठिकाणी खरी झुंज हवेशी. वाळपईचा सत्तरी तालुका गोव्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांत मोडतो. जून ते सप्टेंबर कागद ओलावा पितो, पिना गंजतात आणि गंजाचा डाग आतल्या पानांपर्यंत उतरतो. गंजलेल्या पिना काढून सुती दोऱ्याने शिवणे हा सर्वांत टिकाऊ उपाय. पत्र्याच्या ट्रंकेत आत दमट हवा कोंडते, म्हणून भिंतीपासून हात-दीड हात दूर ठेवलेली उघडी मांडणी बरी. वाळवीची वाट त्यामुळे दिसते तरी. ऊन दाखवायचे ते पाऊस ओसरल्यावर, सावलीच्या कडेने. भर उन्हात आम्लयुक्त कागद आणखी पिवळा पडतो.

अंक मिळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : पुण्याचा जुना बाजार, मुंबईतले पदपथावरचे विक्रेते, बंद पडलेल्या संस्थांची ग्रंथालये आणि, सर्वांत जास्त, निधन पावलेल्या हौशींची घरे. ग्रंथालयांतले बांधीव खंड दिसायला भारदस्त असतात. पण बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने बहुधा काढून टाकलेली असतात. कॉलिन्सच्या १९५० च्या दशकातल्या ग्राहीयंत्रांची किंवा हॅलिक्राफ्टर्सची जाहिरात हवी असणाऱ्याला सुटे अंकच घ्यावे लागतात. ‘७३’ चे सर्व अंक आता संगणकावर फुकट वाचता येतात आणि ‘क्यूएसटी’चा जुना साठा लीगच्या सभासदांना खुला आहे, त्यामुळे लेखांसाठी कागद विकत घेण्याचे कारण उरलेले नाही. दर पडले आहेत आणि पूर्ण संचाचा हव्यास परवडेनासा झाला आहे. पंधरा-वीस वर्षांचे अंक सलग जमवण्यापेक्षा एका विषयाचे किंवा एका प्रदेशाचे निवडक अंक राखणे अधिक शहाणपणाचे.

देवघेव पैशांपेक्षा वस्तूंनी अधिक चालते : जोड प्रतीच्या बदल्यात जोड प्रत, किंवा एखादा व्हॉल्व्ह, मोर्स की, जुने क्यूएसएल कार्ड (संपर्काची टपाली पोच). अडचण वजनाची. वर्षभराच्या बारा अंकांचा गठ्ठा काही किलोंचा होतो. छापील मजकुरासाठीची स्वस्त नोंदणीकृत बुकपोस्ट सेवा टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केल्यापासून पाठवणी अनेकदा अंकांच्या मोलाहून महाग पडते. म्हणून गठ्ठे आता हौशींच्या संमेलनांतून, ओळखीच्या माणसाच्या गाडीत, हातोहात जातात. आणि पाठवणारा आधी मुखपृष्ठ, पिना, कापलेली कूपने व गहाळ पाने यांची यादी कळवतो.