कपडे वाळवण्याच्या यंत्रातील मेणखडूचे डाग

मुलांच्या कपड्यांच्या खिशात राहिलेला मेणखडू कपडे वाळवण्याच्या यंत्रात, म्हणजेच ड्रायरमध्ये, गेल्यास तो उष्णतेने वितळतो आणि यंत्राच्या ड्रमला व आतील सर्व कपड्यांना रंगीत, मेणचट डाग पडतात. हे डाग नुसत्या पाण्याने निघत नाहीत. ड्रम स्वच्छ केल्याशिवाय यंत्र पुन्हा वापरल्यास त्यावरील मेण पुन्हा वितळून पुढच्या खेपेच्या कपड्यांना लागते. त्यामुळे अशा वेळी कपड्यांआधी यंत्र स्वच्छ करणे आवश्यक असते.

मेणखडूची घडण

मेणखडू हा मुख्यतः पॅराफिन मेण आणि रंगद्रव्याची बारीक पूड यांचा बनलेला असतो. खडूला कडकपणा यावा म्हणून त्यात बहुधा स्टिअरिक आम्लासारखे पदार्थही मिसळतात. अमेरिकेतील बिनी अँड स्मिथ या कंपनीने १९०३ साली 'क्रेयोला' या नावाने आठ रंगांची पेटी बाजारात आणली आणि हा प्रकार शाळाशाळांत पोहोचला. महाराष्ट्रातील मुलांच्या दप्तरात दिसणारे मेणखडू बहुधा कॅमलिनचे असतात. दांडेकर कुटुंबाने १९३१ साली मुंबईत सुरू केलेला हा उद्योग मुळात शाईचा होता.

पॅराफिन हे खनिज तेलापासून मिळणाऱ्या हायड्रोकार्बनांचे मिश्रण असल्यामुळे ते पाण्यात विरघळत नाही. मेणखडू साधारण ४० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागतो आणि ५० अंशांच्या पुढे वितळतो. (विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या मोटारीत विसरलेल्या खडूंच्या पेटीचा एकच रंगीबेरंगी गोळा होतो, तो याच कारणाने.) रंगद्रव्याचे कण मात्र वितळतही नाहीत आणि विरघळतही नाहीत. मेण पातळ झाले की ते त्याच्याबरोबर वाहत जाऊन धाग्यांमध्ये अडकतात. म्हणून डाग काढताना मेण आणि रंग असे दोन निरनिराळे पदार्थ काढायचे असतात. मेण गेल्यावरही फिकट रंग मागे राहतो, याचे कारण हेच. बाजारात मिळणाऱ्या काही 'धुता येणाऱ्या' खडूंमध्ये पॅराफिनऐवजी पाण्यात मिसळणारे मेणासारखे पदार्थ असतात. त्यांचे डाग कोमट पाण्याने व साबणाने बरेच सहज निघतात.

महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रात 'ड्रायर' हा शब्द दोन वेगळ्या यंत्रांसाठी वापरला जातो आणि डागाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. दोन टब असलेल्या अर्धस्वयंचलित धुलाई यंत्रातील लहान टबाला घरोघरी ड्रायर म्हणतात. तो कपडे केवळ वेगाने फिरवून पिळतो. त्यात उष्णता देणारा भाग नसल्याने खडू वितळत नाही, फक्त चिरडला जाऊन त्याचे कण कपड्यांना चिकटतात. हे कण झटकून निघतात. पण लक्षात न आल्यास कपडे दोरीवर वाळून इस्त्रीखाली जातात आणि मेण तेथे वितळते. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर अचानक उमटलेला लाल किंवा निळा डाग पुष्कळदा इस्त्रीत पडलेला असतो, यंत्रात नव्हे.

गरम हवेने कपडे वाळवणारे खरे ड्रायर महाराष्ट्रात तुलनेने कमी असले, तरी सदनिकांच्या संकुलांत ते दिसू लागले आहेत. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील माण हे गाव याचे एक उदाहरण म्हणून घेता येते. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या तिसऱ्या टप्प्याचा बराच भाग माणच्या शिवारात येतो आणि त्याला लागून बहुमजली गृहसंकुले उभी राहिली आहेत. अंगण नसलेल्या अशा घरांत जून ते सप्टेंबरच्या पावसात बाल्कनीतील दोरीवर कपडे दिवसेंदिवस दमट राहतात. तेथे उपयोगी पडणारे यंत्र बहुधा धुणे आणि वाळवणे एकाच ड्रममध्ये करणारे असते. परदेशातील मराठी कुटुंबांकडे मात्र वाळवण्याचे यंत्र सहसा स्वतंत्र असते.

डाग कसा पसरतो

यंत्रातील गरम हवा साधारणपणे ५० ते ७० अंशांपर्यंत तापते, म्हणजे पॅराफिन वितळण्यास ती पुरेशी असते. ड्रम सतत फिरत असल्याने वितळलेले मेण एका जागी न राहता ड्रमच्या भिंतीवर, कपडे उचलणाऱ्या उंचवट्यांवर आणि दाराच्या काचेवर पसरते. खडूभोवतीचा कागद सुटून तंतू अडवणाऱ्या जाळीत जातो. अनेक स्वतंत्र यंत्रांत ओलावा मोजण्यासाठी ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात. त्यांवर मेणाचा थर बसल्यास यंत्राला कपडे वेळेपूर्वीच वाळल्यासारखे वाटते आणि ते थांबते. खडू बाहेर काढल्यावरही कपडे दमट राहत असतील, तर या पट्ट्या तपासाव्या लागतात.

एकत्रित यंत्रात आणखी एक अडचण असते. त्याच्या ड्रमला सर्वत्र छिद्रे असतात आणि त्याबाहेर पाणी धरून ठेवणारा दुसरा टब असतो. पातळ मेण छिद्रांतून या बाहेरच्या टबात उतरते आणि पुढच्या धुण्याच्या थंड पाण्याने तेथे घट्ट होते. अशा यंत्रातून काही दिवसांनी मेणाचे कण पुन्हा कपड्यांवर येऊ शकतात.

ड्रम स्वच्छ करणे

प्रथम यंत्राचा वीजपुरवठा प्लगपासून बंद करून खडूचे उरलेले तुकडे उचलून घेतात. घट्ट झालेला थर प्लॅस्टिकच्या उलथन्याने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच खरवडतात. सुरी, तारेची घासणी वा खरखरीत पावडर वापरल्यास ड्रमवरील लेप निघतो. अशा ठिकाणी पुढे गंज चढतो आणि नाजूक कापड अडकून फाटते.

राहिलेला पातळ थर थंड असताना घासून निघत नाही, तो मऊ करावा लागतो. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा एका वेळी तळहाताएवढ्या भागावर सोडून तो भाग लगेच जुन्या सुती कापडाने टिपून घेतात. कापडाची घडी वारंवार बदलणे येथे महत्त्वाचे आहे, कारण तीच घडी फिरवत राहिल्यास मेण निघण्याऐवजी पसरते. त्यानंतर गरम पाणी व भांडी घासण्याच्या द्रवसाबणाने ड्रम पुसून, ओल्या फडक्याने साबण काढून तो कोरडा करतात. दाराभोवतीच्या रबरी पट्टीला केवळ साबणाचे पाणी लावावे. थिनरसारख्या द्रवांनी रबर फुगते किंवा तडकते.

शेवटी जुने, फिकट रंगाचे, ओलसर टॉवेल यंत्रात घालून वाळवण्याचे एक पूर्ण चक्र चालवतात. छिद्रांच्या कडांना राहिलेले मेण हे टॉवेल शोषून घेतात. त्यांच्यावर रंग उमटल्यास पुसण्याची क्रिया पुन्हा करावी लागते. टॉवेल स्वच्छ निघाले म्हणजे यंत्र कपड्यांसाठी तयार झाले. एकत्रित यंत्रात टॉवेल घालण्यापूर्वी कपड्यांशिवाय, साबण घालून ६० अंश किंवा त्याहून गरम पाण्याचे धुण्याचे एक चक्र चालवल्यास बाहेरच्या टबातील मेणही बरेचसे निघते.

कपड्यांवरील डाग

डाग पडलेले कपडे स्वच्छ करेपर्यंत पुन्हा वाळवण्याच्या यंत्रात घालू नयेत. मेण घट्ट होऊ देऊन बोथट कडेने खरवडतात. मग डागाच्या खाली आणि वर शोषून घेणारा साधा कागद ठेवून कोमट इस्त्री दाबतात. येथे इस्त्री सरकवायची नसते, फक्त टेकवून उचलायची असते, आणि दर वेळी कागदाचा कोरा भाग डागावर आणायचा असतो. वर्तमानपत्राची शाई उतरू शकत असल्याने कोरा कागद बरा. शाळेचे गणवेश बहुधा पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाचे असतात, म्हणून इस्त्री कमी तापमानावर ठेवतात. उरलेल्या रंगावर भांड्यांचा द्रवसाबण चोळून काही वेळ ठेवतात आणि नंतर कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात धुतात. ऑक्सिजन सोडणारी डागनाशक पावडर पांढऱ्या कपड्यांना काही प्रमाणात उपयोगी पडते. लोकर आणि रेशीम यांवर इस्त्री आणि गरम पाणी या दोन्हींचा प्रयोग घरी न करणे चांगले.

आगीचा धोका

तेलकट डागांवर रॉकेल किंवा पेट्रोल लावण्याची जुनी पद्धत महाराष्ट्रात परिचित आहे. मेण त्यात खरोखरच विरघळते, आणि म्हणूनच हा उपाय सुचतो. वाळवण्याच्या यंत्राच्या बाबतीत मात्र तो धोकादायक आहे. रॉकेलच्या वाफा ४० अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकतात, पेट्रोलच्या तर शून्याच्या कितीतरी खालीही. यंत्रातील हवा याहून गरम असते, आणि त्यातील बंद जागेत तापणारी तार, विजेची बटणे व सुके तंतू जवळजवळ असतात. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा काही ठिकाणी सुचवला जातो. तोही ज्वलनशील आहे. तो थेट ड्रममध्ये न मारता कापडावर घ्यावा लागतो, आणि नंतर ड्रम साबणाच्या पाण्याने पूर्ण पुसून, दार उघडे ठेवून वास जाईपर्यंत यंत्र बंद ठेवावे लागते.

मेण मऊ करण्यासाठी खाद्यतेल चोळणे निरुपद्रवी वाटते. परंतु जवस, सूर्यफूल यांसारख्या वनस्पती तेलांनी माखलेले कापड गरम अवस्थेत ढिगात राहिल्यास तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते आतून तापत जाते आणि यंत्र बंद झाल्यानंतरही पेट घेऊ शकते. ड्रम पुसलेली तेलकट किंवा मेणकट फडकी त्यामुळे यंत्रात वाळवत नाहीत. ती उघड्यावर पसरून वाळवतात किंवा पाण्यात भिजवून टाकून देतात.