हिवाळ्यातली परसबाग : ताटातही, पाठातही



धान कापून झालं की आपल्या भंडारा जिल्ह्यात बांध्या रिकाम्या होतात, पण ताटं मात्र भरायला लागतात. धुऱ्यावरच्या तुरीचे सोले, वालाच्या शेंगा, भरताची वांगी, मेथी, मुळा, भेदरं आणि सांबार (कोथिंबीर) सगळं याच दिवसांत येतं. भाजीपाला लावायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा वर्षातला सगळ्यात सोपा काळ. शाळेची परसबाग सुरू करायचीच असेल तर ती आताच करावी.

परसबाग कशासाठी?

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम भाजीपाला मिळायला हवा. पहिली ते पाचवीची 60 मुलं असली तर 60 × 50 = 3000 ग्रॅम, म्हणजे रोज 3 किलो भाजी. बाजारात भाव चढले की पहिली कात्री भाजीलाच लागते आणि वरण पातळ होतं. केंद्र शासनाने 2019 मध्ये शाळांमधल्या पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच गरजेतून. लहानशी बाग रोजची 3 किलो भाजी देणार नाही, हे खरं. पण आठवड्यातून दोन दिवस तरी ताजी पालेभाजी ताटात पडली, तरी फरक पडतो.

काय, कधी लावायचं?

- मेथी 25 ते 30 दिवसांत आणि पालक साधारण महिन्याभरात काढणीला येतो.
- मुळा आणि सांबार यांना 40 ते 45 दिवस लागतात. धने हलके रगडून दोन फाका करून पेरावेत, उगवण चांगली होते.
- गाजराला जवळपास तीन महिने लागतात.
- वांगी आणि टमाटर यांची आधी रोपं करावी लागतात. चार-पाच आठवड्यांची रोपं वाफ्यात लावावीत.

सगळी मेथी एकाच दिवशी पेरू नका. एकदम निघते आणि मग महिनाभर काहीच नसतं. तीन वाफे करा आणि दर 10-12 दिवसांनी एक पेरा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा कधी कधी 10 अंशांच्या खाली जातो, तेव्हा उगवण मंदावते. म्हणून पहिली पेरणी लवकर उरकावी.

खरी अडचण दिवाळीच्या सुट्टीची. रोपं कोवळी असतात आणि शाळा बंद. यावर उपाय म्हणजे पालेभाज्या सुट्टी संपल्यावर पेरणं. रोपवाटिका मात्र शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या पालकांच्या अंगणात ठेवावी. वाफ्यावर धानाची तणीस पसरली की ओल टिकते, तणही कमी होतं. तणीस आपल्याकडे घरोघरी आहे, विकत आणावी लागत नाही. मावा दिसला तर 1 लिटर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळीची कुटलेली पूड रात्रभर भिजवून, गाळून फवारावी.

वर्गात काय शिकवता येईल?

विज्ञान : मेथीचं किंवा वालाचं रोप हळूच मुळासकट उपटा. मुळांवरच्या लहान गाठी दाखवा. त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. मोठी गाठ कापली आणि आतून गुलाबी दिसली तर ती काम करते आहे असं समजायचं.

गणित : प्रत्येक काढणीची भाजी मुलांनीच तोलावी, वहीत लिहावी, महिन्याअखेर स्तंभालेख काढावा.

परिसर अभ्यास : आजीला विचारायला सांगा, लाखोळी कशी पेरतात? उभ्या धानात, कापणीच्या आधी बी फेकतात. जमिनीत उरलेल्या ओलीवर पीक येतं. यालाच उतेरा म्हणतात. सोबत दुसरी बाजूही सांगावी. दुष्काळात लोकांनी महिनोन्महिने मुख्यतः लाखोळीच खाल्ली, तेव्हा तिच्यातल्या विषारी घटकामुळे पाय लुळे पडण्याचा आजार झाला. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे शास्त्रज्ञांनी हा घटक कमी असलेले रतन, प्रतीक असे वाण काढले. एकच अन्न सतत खाऊ नये, ताटात विविधता हवी, हे याहून चांगलं कोणतं उदाहरण समजावेल?

पालकांसाठी

अंगण नसलं तरी जुन्या टोपलीत, फुटक्या बादलीत मेथी आणि सांबार येतात. पाणी घालायचं काम मुलाकडेच द्या. स्वतः वाढवलेली भाजी मूल सहसा ताटात टाकत नाही. पालकाच्या भाजीवर लिंबू पिळा; त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह शरीरात चांगलं शोषलं जातं.

आणि शेवटी, मेथीची चार-पाच झाडं न तोडता राखा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा वाळल्या की बी काढून, राख मिसळून डब्यात भरा. डब्यावर मुलाचं नाव आणि तारीख लिहा. पुढच्या हिवाळ्याचं बियाणं घरचंच राहील.