लाटेवरच्या फळीचे दावे

मंगळूरजवळ मुल्कीला सर्फिंग शिकवतात. सुट्टीत मुलांना घेऊन तिकडे जाणाऱ्या आपल्या बीदर-कलबुर्गीच्या पालकांची नजर रंगीत फळीवर खिळते. पाहावी ती मात्र फळीपासून घोट्याला बांधलेली दोरी, म्हणजे लीश. गुरांचे दावेच म्हणा! ती नव्हती तेव्हा पडणाऱ्याची फळी लाटेबरोबर किनाऱ्याला जाई आणि तो मागून पोहत येई. १९७०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात पॅट ओनील या तरुणाने लीश पुढे आणली. ती ताणणाऱ्या रबरी नळीची होती. तिच्या झटक्याने उलटून आलेल्या फळीने त्याचे वडील जॅक यांचा डावा डोळा गेला. वेटसूटसाठी नावाजलेले जॅक पुढे काळी पट्टी लावूनच वावरले. आता लीश कमी ताणणाऱ्या युरेथेनची असते. मूल पाण्यात उतरण्यापूर्वी तिला चीर नाही ना, एवढे स्वतः बघा.