रिपोर्ट आजचा, शुक्राणू तीन महिन्यांपूर्वीचे

आज जीवनसत्त्वांवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर थांबवून चालणार नाही.

त्यांच्या यजमानांचं चार महिन्यांपूर्वी वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं, स्लीव्हचं ऑपरेशन झालं. वजन १३२ किलोवरून १०४ वर आलं, साखरेची गोळी सुटली, घोरणं थांबलं. मूल हवं होतं म्हणूनच दोघांनी हा निर्णय घेतला होता. आणि परवाच्या वीर्यतपासणीत काउंट मिलिलिटरला २ कोटी २० लाखांवरून थेट ६० लाखांवर! ‘चरबी उतरली की हॉर्मोन सुधारतात, असं तुम्हीच लिहिलंत ना?’ असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटच्या ओळीत आणखी एक गोष्ट आहे. जिममधले एक ओळखीचे टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्या म्हणताहेत. घ्यावं का?

ताई, ते इंजेक्शन घेऊ देऊ नका. हे आधी, बाकीचं सावकाश सांगतो.

गेल्या भागात लिहिलं ते खरंच आहे. चरबीतलं अॅरोमॅटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करत राहतं. चरबी घटली की ही गळती कमी होते आणि काही महिन्यांतच रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वर येतं. पण शुक्राणूंचं वेळापत्रक वेगळं. वृषणात एक शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यानंतर एपिडिडिमिसच्या नळीत पक्व व्हायला आणखी दहा-चौदा दिवस. परवा मोजले गेले त्या शुक्राणूंची घडण सुरू झाली ती ऑपरेशननंतर साधारण महिन्याभराने, म्हणजे यजमानांचं जेवण पाच-सहा चमचे मऊ वरणभातावर आटपत होतं आणि वजन झपाट्याने उतरत होतं तेव्हा.

हा हिशेब मला एका चुकीने शिकवला. मी माझी लॅब सुरू करून वर्षही झालं नव्हतं. ऊसपट्ट्यातला एक तरुण थंडीत नमुन्याची बाटली शर्टाच्या आत पोटाशी धरून एसटीने आला होता. नमुना अर्ध्या तासात पातळ झाला, मी थेंब चेंबरवर ठेवला आणि एकामागून एक चौकोन रिकामे निघाले. काउंट फारच कमी, तसा रिपोर्ट दिला. दोन महिन्यांपूर्वी त्याला टायफॉइड झाला होता, हे मी विचारलंच नव्हतं; तो काउंट त्या तापाचा होता. तीन महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा आला, तेव्हा मोजता मोजता हात दुखले. मधले तीन महिने त्या घरात काय गेले असतील, ते आजही मनातून जात नाही.

ऑपरेशननंतरची घसरण ही काही या एकाच घरातली गोष्ट नाही. २००५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी ६ पुरुषांची नोंद प्रसिद्ध केली. सगळ्यांना आधी मुलं झालेली, आणि वजनासाठी केलेल्या जठराच्या बायपासनंतर वीर्यात एकही शुक्राणू नाही. २०१९ मध्ये फ्रान्समधला एक अभ्यास आला, बायपास किंवा स्लीव्ह झालेल्या ४६ पुरुषांचा. एका नमुन्यातली शुक्राणूंची एकूण संख्या सहा महिन्यांनी सरासरी सुमारे ७ कोटींनी घटलेली होती, वर्षाने सुमारे ४ कोटींनी. उलट, संख्या सुधारल्याचे किंवा तशीच राहिल्याचे अभ्यासही आहेत, त्यामुळे सरसकट घाबरण्याचं कारण नाही. घसरणीमागे उपासमारीसारखी अवस्था, जस्त-फोलेटची कमतरता, चरबीत साठलेली आणि ती वितळताना रक्तात उतरणारी रसायनं, अशा अनेकांवर संशय आहे. माझा संशय पहिल्या दोहोंवर जास्त आहे.

आता इंजेक्शन. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे, आणि पिट्युटरी ग्रंथी वृषणाला हुकूम पाठवणं बंद करते. रक्तात हॉर्मोन भरपूर, पण वृषणाच्या आत, जिथे ते रक्ताच्या कितीतरी पट लागतं, तिथे खडखडाट. जागतिक आरोग्य संघटनेने हेच इंजेक्शन, आठवड्याला २०० मिलिग्रॅम, पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. १९९० मध्ये निष्कर्ष आले: निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्राणू शून्यावर गेले होते. मूल हवं असलेल्या माणसाला हे ‘ताकदीचं’ म्हणून टोचलं जातं, याचा मला मनापासून संताप येतो.

दुसरी गोष्ट ऑपरेशनची तारीख घेऊन बसलेल्यांसाठी. तुमच्या फायलीत ईसीजी असतो, सोनोग्राफी असते, एंडोस्कोपी असते. वीर्यतपासणीचा कागद मला क्वचितच दिसला आहे. मूल हवं असेल तर ती तपासणी आधीच करून घ्या आणि डॉक्टरांशी नमुना गोठवण्याबद्दल बोला. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये तो वर्षानुवर्षं टिकतो.

ताई, ६० लाख म्हणजे शून्य नव्हे, या काउंटवरही दिवस जाऊ शकतात. तुमचं वय पत्रात नाही. पस्तिशी ओलांडली असेल तर वाट न पाहता दोघांनी मिळून वंध्यत्वतज्ज्ञांना भेटा. पुढचा नमुना तीन महिन्यांनी द्या, त्याआधी २ ते ७ दिवसांचा संयम, आणि मागच्या वेळी जितके दिवस होते तितकेच. मध्ये कधी ताप आला, तर त्याची तारीख रिपोर्टच्या मागे लिहून ठेवा.